आठ गाभ्यांचा संगणक आणि वऱ्हाडचें ऊन

जून-जुलैमध्यें मुलांचे प्रवेश आटोपले, कीं अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांत संगणक घेण्याचा खल सुरू होतो. बडनेऱ्याच्या किंवा बाभूळगांवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नांव घातलेला मुलगा वा मुलगी एका बाजूस, पैशांचा व्यवहार पाहणारे आजोबा किंवा थोरले काका दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें दुकानदारानें दिलेला कागद. त्यावर ‘८ कोअर, ३ गिगाहर्ट्झ’ असें कांहींतरी लिहिलेलें असतें. थोरली मंडळी हिशेबांत पक्की. ती लगेच गुणाकार करून मोकळी होते. आठ त्रिक चोवीस. म्हणजे हा संगणक २४ गिगाहर्ट्झ वेगाचा, आणि शेजारचा ४ कोअरचा त्याच्या निम्मा! दुकानदारालाहि हा गुणाकार खोडून काढण्याचें कारण नसतें. पण तो गुणाकार मुळांतच चुकीचा आहे, आणि त्यापायीं घरचे कष्टाचे पैसे भलत्या जागीं पडतात. म्हणून या आंकड्यांचा खरा अर्थ काय, तें पाहूं.

प्रोसेसर म्हणजे संगणकांतील गणिती यंत्र. त्याच्या आंत एक घड्याळ ठोके देत असतें व प्रत्येक ठोक्यासरशी काम पुढें सरकतें. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास ३०० कोटी ठोके. या वेगाची कल्पना येण्यास एवढेंच सांगितलें म्हणजे पुरे, कीं अशा दोन ठोक्यांमधील अवधींत प्रकाशसुद्धां केवळ १० सेंटिमीटर अंतर तोडतो. ‘कोअर’ म्हणजे गाभा. आठ कोअर म्हणजे एकाच चकतीवर आठ स्वतंत्र गणिती यंत्रें. घड्याळाचे ठोके प्रत्येक गाभ्याचे त्याचे त्यालाच. ते एकमेकांत मिळवतां येत नाहींत. ताशीं ६० किलोमीटर वेगानें आठ मोटारी निघाल्या, तर त्यांतून आठपट माणसें अकोल्यास पोचतील. पण एकटा प्रवासी कांहीं आठपट लवकर पोचणार नाहीं.

मग एकाच गाभ्याचा वेग वाढवीत न नेतां गाभेच कां वाढविले? कारण दुसरा उपाय उरला नव्हता. १९९३ सालीं निघालेला पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा होता. २००० सालीं हा आंकडा १,००० मेगाहर्ट्झ, म्हणजे १ गिगाहर्ट्झवर गेला, आणि २००४ च्या अखेरीस ३.८ वर. अकरा वर्षांत साठपटींहून अधिक! ही घोडदौड अशीच चालणार असें सर्वांनीं धरलें होतें. परंतु ठोके वाढविण्यासाठीं विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. नखाएवढी चकती ११५ वॅटच्या दिव्याइतकी तापूं लागली. अखेर इंटेल कंपनीनें आपला ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर ऑक्टोबर २००४ मध्यें रद्द केला, आणि २००५ सालीं इंटेल व एएमडी या दोघांनींहि घरगुती संगणकांसाठीं दुहेरी गाभ्याचे प्रोसेसर बाजारांत आणले. पुढील वीस वर्षांत ठोके ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच पोचले, म्हणजे धड दुप्पटहि झाले नाहींत. आज दिसणारी गाभ्यांची गर्दी ही त्या उष्णतेपुढें घेतलेल्या माघारीचीच संतति आहे.

अनेक यंत्रांकडून एक काम करून घेण्याची ही कल्पना आपल्या प्रांताला परकी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें भारतास प्रगत महासंगणक विकण्यास नकार दिला, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा ज्यांच्याकडे आली, ते डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांतल्या मुरंबा गांवचे. १९६५ सालीं नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयांतून अभियंता झालेले. तीनच वर्षांत, १९९१ सालीं, त्यांच्या चमूनें ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच्या पोटांत कोणताहि एक अचाट प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्यूटर नांवाचे, एकमेकांशीं संभाषण करूं शकणारे, ६४ बेताचेच प्रोसेसर जोडलेले होते. खरी कसोटी होती ती जोडणींत नव्हे, तर काम वांटून देण्यांत. हवामानाच्या गणितांत नकाशाचे चौकोन पाडतां येतात. प्रत्येकानें आपला चौकोन सोडवावा आणि कडेचे आंकडे शेजाऱ्यास कळवावेत. पण ही वांटणी यंत्र आपण होऊन करीत नाहीं. ती कार्यक्रम लिहिणारास करावी लागते. सी-डॅकला त्यासाठीं ‘पारस’ नांवाची निराळी प्रणाली रचावी लागली. ‘परम’ची ही जातकुळी आज आपल्या टेबलावर येऊन बसली आहे, तिच्याबरोबर तिची अडचणहि आली आहे.

ती अडचण समजण्यास वऱ्हाडी माणसाला जिनाशिवाय दुसरें उदाहरण नको. जिनांत रेच्यांची ओळ असते. कापसाची सरकी निराळी व रुई निराळी करण्याचें काम चार रेच्यांत वांटलें, तर चौथ्या हिश्शाच्या वेळांत उरकतें. पण रुईच्या गाठी बांधणारी प्रेस एकच. समजा, एकच रेचा असतां ८० तास सरकी काढण्यास लागतात आणि २० तास गाठी बांधण्यास, व सर्व रुई जमल्यावरच प्रेस सुरू होते. एकूण १०० तास. चार रेचे लावले कीं २० अधिक २०, म्हणजे ४० तास. आठ लावले तर १० अधिक २०, म्हणजे ३० तास. सोळा लावले तरी २५! पहिल्या चार रेच्यांनीं अडीचपट काम दिलें, आणि पुढच्या बारा रेच्यांची किंमत मोजून मिळाले अवघे १५ तास. शंभर रेचे मांडले तरी २० तासांच्या खालीं कोणी जाऊं शकणार नाहीं, कारण प्रेस एकच आहे. हाच हिशेब जीन अमडाल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६७ सालीं संगणकाविषयीं मांडला. (त्याचें नांवहि जीनच असावें, हा योगायोग मोठा गमतीचा!)

तेव्हां प्रश्न असा विचारावयाचा, कीं आपल्या घरच्या कामांत रेच्यांचें काम किती आणि प्रेसचें किती? लग्नाचें चित्रण संपादित करून त्याची अंतिम फिल्म बनविणें, घराच्या नकाशाचें त्रिमितीय चित्र काढणें, शेंकडों छायाचित्रांचा आकार बदलणें, हीं कामें सहज तुकड्यांत विभागतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मोठा कार्यक्रमहि अनेक लहान फायलींचा असतो. त्या निरनिराळ्या गाभ्यांना देतां येतात. उलट पत्र लिहिणें, दूध-किराण्याचा हिशेब ठेवणें, एखादें पान उघडून वाचणें, यांत संगणक बहुतेक वेळ आपल्या बोटांचीच वाट पाहत बसलेला असतो. तेथें चार गाभ्यांपलीकडचे गाभे रिकाम्या रेच्यांसारखे नुसते उभे राहतात. अशा घरीं वेग जाणवतो तो एका गाभ्याच्या चपळाईचा, आणि त्याहूनहि स्मृति व साठवण यांचा. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली, तर जुनाट संगणकसुद्धां असा तरतरीत होतो, कीं नवा घेण्याचा विचार पुढें ढकलावा.

गाभे सगळे सारख्या ताकदीचे असतात असेंहि नाहीं. २०२१ पासून इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत मोठे व लहान असे दोन जातींचे गाभे येऊं लागले. ‘१४ कोअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरांत पुष्कळदां ६ मोठे व ८ लहान असतात. लहान गाभे वीज थोडी खातात, कामहि थोडें देतात. ‘थ्रेड’ हा आंकडा तर गाभ्यांचा नव्हेच.

आतां उन्हाकडे वळूं. कागदावर छापलेला ‘४.५ गिगाहर्ट्झपर्यंत’ यासारखा मोठा आंकडा बहुधा एकदोन गाभ्यांचा, थोड्या वेळापुरता आणि थंड असतांनाचा असतो. सारे गाभे एकदम राबूं लागले कीं प्रोसेसर तापतो, व १०० अंशांच्या आसपास पोचतांच जीव वांचविण्यासाठीं स्वतःचे ठोके आपण होऊन कमी करतो. उष्णता बाहेर पडते ती चकती व खोलींतील हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या बळावर. खोली २५ अंशांची असेल तर हा फरक ७५ अंशांचा; मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि माडीवरची खोली ४२ अंशांवर पोचली, तर तो ५८ वरच येतो. म्हणजे त्याच पंख्यानें बाहेर फेंकली जाणारी उष्णता जवळजवळ चतुर्थांशानें घटली. थंड प्रदेशांतल्या चांचणींत दिसलेला वेग वऱ्हाडांत भर दुपारीं दिसला नाहीं, तर यंत्र सदोष आहे असें समजूं नये.

म्हणून खरेदीच्या वेळीं आठाऐवजीं सहा गाभ्यांचा, पण चांगल्या पंख्याचा व मोकळ्या पेटीचा संगणक घ्यावा, हें आमचें स्पष्ट मत आहे. फार पातळ लॅपटॉप दिसावयास देखणे खरे, पण आमच्या उन्हाळ्यांत ते लवकर दमतात. गादीवर वा उशीवर ठेवून काम केलें तर खालच्या झरोक्यांतून हवाच मिळत नाहीं. कूलरची हवा खोलींत असावी, मात्र तिचा ओलसर झोत थेट यंत्रावर येऊं देऊं नये. आणि कापसाच्या हंगामांत जिनाजवळच्या घरांतून जो बारीक तंतु उडतो, तो पंख्याच्या पात्यांमागें नमद्यासारखा बसतो. दसऱ्याला यंत्राची पूजा करण्यापूर्वीं, तें बंद करून, मऊ कुंचल्यानें तो एकदां झाडून काढावा.