गॉडझिलाचं संमेलन आणि आपला हरवलेला गोगोला

"इतकी मोठमोठी माणसं एका रबरी राक्षसासाठी गोळा होतात? वेड लागलंय का त्यांना?" हा प्रश्न मला मेसमध्ये निदान दहा जणांनी तरी विचारला असेल. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगावं, म्हणून हा लेख. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी थोडं मिक्स होईल. सांभाळून घ्या!

तर विषय आहे 'जी-फेस्ट'. जपानी सिनेमातल्या महाकाय राक्षसांना तिकडे 'कैजू' म्हणतात आणि गॉडझिला हा त्यांचा राजा. या कैजूंच्या चाहत्यांचं संमेलन अमेरिकेत शिकागोच्या परिसरात भरतं. कॅनडातल्या जे. डी. लीस यांच्या 'जी-फॅन' मासिकाचे वाचक १९९४ मध्ये तिथे एकत्र भेटले आणि त्यातूनच पुढे हा जी-फेस्ट उभा राहिला.

संमेलन म्हणजे नेमकं काय, हे आपल्या खान्देशातल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. तिथे ग्रंथदिंडी, परिसंवाद, पुस्तकांचे स्टॉल होते. जी-फेस्टमध्येही हेच असतं, फक्त दिंडीच्या जागी राक्षसांच्या वेशातली मिरवणूक, परिसंवादात कवितेऐवजी स्पेशल इफेक्ट्स, आणि स्टॉलवर जुनी पोस्टर्स, खेळणी, मासिकं. शिवाय स्वतः बनवलेल्या मॉडेल्सची स्पर्धा असते. जवळच्या पार्क रिज गावातल्या पिकविक या जुन्या थिएटरमध्ये संमेलनाच्या निमित्ताने मोठ्या पडद्यावर कैजूपट दाखवले गेले आहेत.

माझी आतेबहीण तिकडेच राहते. तिच्या मुलाला गॉडझिलाचं भयंकर वेड. गेल्या वर्षी ती त्याला घेऊन गेली आणि तिने मला व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं. तिकडे शनिवारची दुपार, इकडे मुक्ताईनगरला रात्रीचे दीड! आमचे भाचेराव पुठ्ठ्याचं शेपूट लावून मिरवणुकीत चालत होते आणि त्यांच्या पुढे साठीतले एक आजोबा, तसंच शेपूट लावून. "अगं, इथे नातवंडं आजी-आजोबांना घेऊन येतात," ताई म्हणाली. मला एकदम आमच्या मुक्ताईच्या यात्रेची आठवण झाली. देव आणि सिनेमा यांची बरोबरी नाही करत मी. पण ज्याची आवड एकट्याने जपायची असते, ती चारचौघांत येऊन वाटून घेतली की पुढच्या पिढीपर्यंत पोचते, हे दोन्हीकडे सारखंच.

आता मूळ सिनेमाकडे वळू. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली आणि त्यातला रेडिओ ऑपरेटर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. ३ नोव्हेंबर १९५४ ला तोहो कंपनीचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. त्यात बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला पन्नास मीटर उंच प्राणी टोकियो उद्ध्वस्त करतो. जपानी प्रेक्षकांना ती निव्वळ गंमत वाटणं शक्यच नव्हतं. दिग्दर्शक इशिरो होंडा, इफेक्ट्स एइजी त्सुबुराया यांचे. गोजिरा हे नावसुद्धा 'गोरिला' आणि देवमाशासाठीचा जपानी शब्द 'कुजिरा' यांना जोडून बनलं.

आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे खरी मजा पुढे आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्स नसताना हे जमलं कसं? बांबू, तार आणि लॅटेक्स वापरून राक्षसाचा पोशाख बनवला, आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट घुसवला आणि त्याला छोट्या टोकियोवर सोडला. पहिल्या पोशाखाचं वजन होतं सुमारे १०० किलो! आता गणित बघा. दोन मीटरच्या माणसाला पन्नास मीटरचं भासवायचं, म्हणजे स्केल १:२५. दोन मीटरवरून वस्तू पडायला साधारण ०.६४ सेकंद लागतात, पन्नास मीटरवरून ३.२ सेकंद. म्हणजे पाचपट, २५ चं वर्गमूळ. म्हणून कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवायची, की छोट्या बिल्डिंगचे तुकडे जडपणे कोसळताना दिसतात. दर वेळी नेमकं पाचपटच घेत असं नाही, पण तत्त्व हेच.

असा प्राणी खरंच असता तर? उंची २५ पट झाली की पायाचं क्षेत्रफळ ६२५ पट, पण वजन १५,६२५ पट. म्हणजे पायावरचा स्ट्रेस २५ पट. बिचारा उभाच राहू शकला नसता! आणि ती प्रसिद्ध डरकाळी? डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून काढलेला आवाज, संथ करून ऐकवलेला.

हे सगळं आपल्याला कळलं कुठून? चाहत्यांनी विचारत राहिल्यामुळे. नाकाजिमांनी १९५४ ते १९७२ पर्यंत बारा सिनेमांत गॉडझिला केला, पण पोशाखाच्या आत असल्यामुळे त्यांचा चेहरा कुणालाच दिसायचा नाही. अशा संमेलनांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, आतून काय वाटायचं, श्वास कसा घ्यायचा, हे विचारलं. २०१७ मध्ये ते गेले, पण त्यांची विद्या मागे राहिली. २०२४ मध्ये 'गॉडझिला मायनस वन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्याच्या मागे ही सत्तर वर्षांची आठवण आहे.

आता आपल्याकडे या. १९६६ मध्ये मुंबईत बलवंत दवे यांनी 'गोगोला' नावाचा हिंदी सिनेमा काढला होता. समुद्रातून राक्षस येतो आणि मुंबईवर हल्ला करतो! तबस्सुम त्यात होत्या. गाणी शिल्लक आहेत, पोस्टर शिल्लक आहे, सिनेमा मात्र आज कुठेच पाहायला मिळत नाही. पोशाख कुणी शिवला, मुंबईच्या बिल्डिंगा कशाच्या बनवल्या, काही विचारायची सोय नाही. गोगोलाचं संमेलन कधी भरलंच नाही ना!

याउलट दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' घ्या. त्यातला कालिया नाग म्हणजे आपला सगळ्यात जुना कैजू म्हणायला हरकत नाही आणि त्याच्याशी झुंजणारा कृष्ण म्हणजे फाळक्यांचीच छोटी मुलगी मंदाकिनी. गोगोलाहून ४७ वर्षांनी जुना, तरी त्याचा बराच भाग आज बघता येतो. १९६४ ला पुण्यात फिल्म संग्रहालय सुरू झालं आणि तिथल्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जुनी रिळं वेड्यासारखी शोधून जमवली म्हणून. नायरसाहेब म्हणजे एकट्याचं फॅन क्लबच!

थोडक्यात काय, तर वेड लागलंय का, या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच आहे. पण हे वेड कुणाला तरी लागावं लागतं, नाहीतर वस्तू गोगोलाच्या वाटेने जाते. आमचे आजोबा यात्रेतल्या तंबू टॉकीजबद्दल सांगतात. जमिनीवर बसून बघायचं, रीळ तुटलं की शिट्ट्या. ते प्रोजेक्टर चालवणारे हात आता म्हातारे झालेत. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा अशा एखाद्या काकांना गाठा, मशीन कसं चालायचं ते विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. जमलेलं सगळं हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एका रात्री बसून ऐकू, मग 'गोजिरा' लावू. रेक्टर मॅडमची परवानगी काढायचं काम माझ्याकडे!