पाळीच्या चिठ्ठ्या आणि संगणकाची झाडलोट

संगणकाला स्मृती असते, हे आता शाळकरी पोरही सांगेल. पण त्याला विसरावेही लागते आणि ते फार जपून विसरावे लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. जागा मोजकी असते. काम चालू असताना यंत्र चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहीत जाते. निरुपयोगी झालेल्या वेळीच उचलल्या नाहीत, तर काम मध्येच बंद पडते.

१९७५ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी 'स्कीम' नावाची आटोपशीर संगणकभाषा घडवली. जॉन मॅकार्थी यांची 'लिस्प' ही तिची आई. या घराण्यात माहिती साखळीने ठेवतात. ती कशी, हे आमच्या शेळगावकडच्या माणसाला चटकन कळेल. इंदापूर-बारामतीच्या भागात नीरा डाव्या कालव्याचे पाणी पाळीने मिळते. समजा, पाटकऱ्याने प्रत्येक शेतकऱ्याची एक चिठ्ठी केली. तिला दोन कप्पे. डाव्यात त्या शेतकऱ्याच्या पीक-क्षेत्राचा कागद कुठे आहे तो पत्ता. उजव्यात पुढची पाळी ज्याची, त्याच्या चिठ्ठीचा पत्ता. पहिली चिठ्ठी हाती असली की सारे शिवार सापडते. स्कीममधली यादी अशीच असते.

झाडलोट प्रोग्राम लिहिणाऱ्याला करावी लागत नाही. प्रोग्रामबरोबर राबणारा एक अदृश्य नोकर ती करतो. त्याची एक रीत सी. जे. चेनी यांनी १९७० साली मांडली. जागेचे दोन भाग करायचे. एक भरला की हातातल्या चिठ्ठ्यांवरून माग काढत जे जे सापडेल ते दुसऱ्या भागात न्यायचे. मागे उरला तो कचरा.

पण जे सापडते, ते सगळे लागतेच असे कुठे आहे? बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला ही अडचण ओळखीची. लेजरला खाते असते, पत्ता असतो, आणि दोन वर्षे त्यावर एकही व्यवहार नसतो. आम्ही त्याला निष्क्रिय खाते म्हणत असू.

नेमक्या याच अडचणीवर मुंबईच्या आयआयटीत काम झाले. राहुल असाती, अमिताभ सन्याल, अमेय करकरे आणि केंब्रिजचे ॲलन मायक्रॉफ्ट यांचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी स्कीमच्या धाटणीची छोटी भाषा घेतली. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा उतरवून देणारा तो कंपायलर. त्याने आधीच प्रोग्राम वाचून, कोणत्या टप्प्यानंतर कोणते कप्पे लागणार, याची टिपणे नोकराच्या हाती द्यायची, अशी ही योजना. समजा, पाळीचे शेतकरी किती, एवढेच मोजायचे उरले आहे. मग उजवे कप्पे पुरेत. डाव्या कप्प्यांत पत्ते असले तरी पीक-क्षेत्राचे कागद वाहून नेण्याचे कारण नाही.

मात्र प्रोग्राम पुढे कोणत्या वाटेने जाईल, हे कंपायलरला नेहमी ठाऊक नसते. एका वाटेवर नुसती मोजणी, दुसरीवर क्षेत्रानुसार पाणीपट्टीची आकारणी. मग कागद राखायलाच हवा. शंका आली की ठेवायचे. बँकेची गोष्ट निराळी. दहा वर्षे पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते (तो निधीही २०१४ चाच), पण उद्या वारस कागदपत्रे घेऊन आला तर पैसे मिळतात. यंत्रात टाकलेल्या चिठ्ठीच्या जागी दुसरेच काही लिहिले जाते. मागायला जाल तर हाती भलतेच पडेल. म्हणून या मंडळींनी आपली रीत चुकीने काही टाकणार नाही, हे गणिताने सिद्ध करून दाखवले. मला त्या निबंधातले हेच जास्त आवडले.

फुकट काहीच नाही. दर चिठ्ठीपाशी टिपण पाहायचे म्हणजे नोकराचे काम वाढते. तरीही कचरा अधिक निघाला, झाडलोटीच्या खेपा घटल्या, प्रोग्राम कमी जागेत चालले. झाडलोटीचा एकूण वेळही बहुतेक प्रोग्रामांत कमी झाला. सगळ्यांत नाही, हे त्यांनी सरळ लिहिले आहे.

२०१६ साली सन्याल आणि करकरे यांनी प्रसन्न कुमार यांच्यासह हीच रीत 'आळशी' भाषांना लावली. आळशी म्हणजे अगदी गरज पडेपर्यंत कोणतेही काम पुढे ढकलणाऱ्या. तिथे काय लागेल हे ओळखणे आणखी अवघड, कारण ढकललेल्या कामाला पुढे काय काय लागणार, तेही धरून ठेवावे लागते.