डाग म्हणजे कीड नव्हे

धाराशिव-तुळजापूरच्या टपरीवरचा चहा आणि जेवणानंतरचं पान यांनी दात तपकिरी झाले, की ते किडले असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. दातांवर लाळेचा पातळ थर कायम असतो. चहातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि पानातला कात त्याला धरून बसतात, न घासलेल्या कपाला आतून चहाचा रंग धरतो तसे. दूध टॅनिनला बांधून ठेवतं, म्हणून कोऱ्या चहाचा डाग जास्त गडद. मिश्रीनं घासल्यावर दात उजळ वाटतात, हे खरं; पण त्या खरडण्यानं एनॅमल (दाताचं कठीण बाह्य आवरण) झिजतं, ते पुन्हा येत नाही आणि खालचा पिवळसर थर दिसू लागतो. शिवाय मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चहा-पानानंतर चूळ भरा, मऊ ब्रश वापरा आणि जुना डाग दंतवैद्याकडूनच काढून घ्या.