जुन्या वस्तूंचे कूळ

बीदर, भालकी, हुमनाबाद भागातील जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादे बिदरी पानदान अजून सापडते. भंगारवाला ते वजनावर नेतो. वास्तविक धातू म्हणाल तर जस्त आणि थोडे तांबे. मोल आहे ते त्यात ठोकून बसविलेल्या चांदीचे आणि बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांनी आणलेल्या काळ्या रंगाचे.

एखाद्या तरुणाने सामायिक दालनात कोपरा भाड्याने घेऊन अशा वस्तूंचे दुकान मांडले, तर मला आनंदच होईल. मात्र बिदरीकाम आजही चालू आहे. नवे जुने म्हणून खपविण्याचा मोह टाळला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू विकावयाची तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना हवा, नोंदवही हवी. खासगी व्यापाऱ्यास ती परदेशी धाडता येत नाही.

ही नोंदवही कित्येकांना जाच वाटते. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो; चीज कोणाकडून आली हे सांगता आले नाही, तर ती पोरकी समजत. पानदानाचेही तसेच. म्हणून वस्तू विकताना घराने गाव, पिढी, वापर एवढे तरी सांगावे आणि दुकानदाराने ते लिहून घ्यावे.