जादा दिवे बसवले आणि इंडिकेटर बिघडला?

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरसारख्या जुन्या गाडीला जादा दिवे लावल्यावर इंडिकेटर रुसला, की बरेच जण थेट स्विच बदलायला निघतात. आधी फ्लॅशर पाहा. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी तापते, वाकते, थंड होते. त्यातूनच उघडझाप होते. पुढे-मागे २१ वॅटचा एकेक बल्ब, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर, हा त्याचा नेहमीचा भार. बल्ब वाढवले तर तो घाईने मिचकावतो. एलईडी लावले तर पट्टी तापतच नाही आणि दिवा नुसता पेटून राहतो. अशा वेळी भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. मिनिटाला ६० ते १२० उघडझापी योग्य.

एलईडीनंतर चारही दिवे एकदम लागतात? डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा असेल, तर प्रवाह त्यातून पलीकडे जातो. दोन डायोड घालून त्या दिव्याला स्वतंत्र अर्थिंग द्या.

ब्रेक दाबताच इंडिकेटर मंदावत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक वायर दिव्याच्या धातूच्या बुडाला टेकवा. उजेड लख्ख झाला, की निदान पक्के. मग स्क्रूखालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा.

फॉगलॅम्पची वायर मात्र इंडिकेटरच्या वायरीत कधीही जोडू नका. त्याला बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले हवाच.