वाचन, अनुमान आणि जुळवणी: सराउंड रिसीव्हरमध्ये फरक कुठे पडतो?

मंडळी, आजचा आपला प्रश्न साधा आहे. चित्रपट तोच, डिस्क तीच, स्पीकरही तेच. मधला रिसीव्हर तेवढा बदलला, तर आवाज बदलतो का? दुकानदार म्हणतो, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. काही जाणकार म्हणतात, छे, सगळे मनाचे खेळ. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. असं का, ते समजण्यासाठी रिसीव्हरची तीन कामं आपण वेगवेगळी करून पाहू.

पहिलं काम वाचनाचं. 1992 साली 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल आलं. त्यात पाच चॅनल आणि खर्जासाठी एक, असे सहा आवाज स्वतंत्र नोंदलेले असतात. यालाच आपण 5.1 म्हणतो. पुढे आलेल्या डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओत तर मूळ ध्वनिमुद्रणातला एकही बिट गळत नाही. इथे रिसीव्हरला स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. एकच पोथी दोघांनी वाचली तरी अक्षरं तीच राहतात. म्हणून निव्वळ या कामासाठी महागडा रिसीव्हर घेण्यात अर्थ नाही.

दुसरं काम अनुमानाचं, आणि खरी गंमत इथे आहे. जुन्या डॉल्बी सराउंडमध्ये डावा, मधला, उजवा आणि मागचा हे चार आवाज दोनच ट्रॅकमध्ये मिसळलेले असत. मधला आवाज दोन्हीकडे सारखा, मागचा दोन्हीकडे पण एकमेकांच्या उलट. आता समीकरणं दोन आणि अज्ञात राशी चार. शाळकरी मुलगाही सांगेल की अचूक उत्तर निघणार नाही. मग 1987 च्या सुमारास आलेल्या प्रो लॉजिकने काय केलं? या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज वरचढ आहे ते ओळखायचं, आणि इतर स्पीकरमधली त्याची गळती दाबायची. हा निर्णय फार झटपट घेतला तर आवाज हेलकावे खातो. सावकाश घेतला तर गळती राहते. आजही साधं स्टिरिओ गाणं अनेक स्पीकरवर पसरवताना डॉल्बी सराउंड, न्यूरल:एक्स, ऑरो-मॅटिक या पद्धती वेगवेगळा निर्णय देतात.

न्यायदर्शनात आपण शिकतो, की धूर दिसला की अग्नीचं अनुमान होतं, कारण त्यांच्यात व्याप्ती आहे. डीकोडरची व्याप्ती अशी: 'जे दोन्हीकडे सारखं, ते मधलं, जे उलट, ते मागचं.' चित्रपटाच्या संवादांना ती लागू पडते. पण गाण्यात वादकाने नुसता घुमारा वाढवण्यासाठी उलट लहरी वापरल्या असतील, तर तो घुमारा उगाच आपल्या पाठीमागे जातो. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील: खूण आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा.

तिसरं काम खोलीशी जुळवून घेण्याचं. ऑडिसी, यामाहाची वायपीएओ, पायोनियरची एमसीएसीसी, डिरॅक लाइव्ह ही त्याची साधनं. मायक्रोफोनने ती स्पीकरचं अंतर मोजतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. तेवढा जवळचा स्पीकर थांबवून ठेवायचा. मग पातळी, मग खर्ज: साधारण 80 हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे. 'चांगला आवाज' कसा असावा याची प्रत्येकाची कल्पना निराळी. म्हणून एकाच खोलीत दोन रिसीव्हर चटकन वेगळे वाटतात, ते बहुतेकदा याच कामामुळे.

तेव्हा तुलना करायची असेल, तर आधी दोन्हींची पातळी सारखी करा, कारण किंचित मोठा आवाजही कानाला उगाचच सरस वाटतो. मग खोलीची दुरुस्ती आणि विस्तार, दोन्ही बंद करून ऐका, आणि नंतर एकेक चालू करा. 'कोणता चांगला?' हा प्रश्न त्यानंतर विचारू. आणि तोही 'कोणत्या कामात?' असं जोडूनच.