भिंत उभी राहण्यापूर्वी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. प्रयोगाच्या तासाला उपकरणास हात लावण्यापूर्वी वहीत आकृती काढून दाखवावी लागे. आकृती नसेल, तर त्या दिवशी बाकावर बसून राहावयाचे, असा त्यांचा दंडक होता. त्यांचा हा विद्यार्थी पुढे दूरसंचार खात्यात ३१ वर्षे तारा जोडीत राहिला आणि निवृत्तीनंतर, २०१६ साली, बेळगावात स्वतःचे घर बांधताना नेमकी आकृती काढावयास विसरला. आजचे विवेचन त्या चुकीतून निघाले आहे. नव्या घरात इंटरनेटची तार कोठकोठे न्यावी आणि वायफायवर कितपत विसंबावे, एवढाच विषय आहे.

आमचे घर दुमजली, भिंती जांभ्या दगडाच्या. विजेचे पॉइंट किती, नळ कोठे, देवघराचे तोंड कोणीकडे, यांवर महिनाभर चर्चा झाली. इंटरनेटचा प्रश्न निघाला तेव्हा ‘आता सारे बिनतारीच आहे’ असे मीच म्हणालो. राउटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, दारालगत बसला. २०२० च्या टाळेबंदीत मुलगा, सून आणि तिसरीतली नात आमच्याकडे राहावयास आली. वरच्या खोलीत शिक्षिकाबाईंचे चित्र गोठे, आवाज तुटे. नातीने ‘हजर’ म्हटलेले पलीकडे पोहोचत नसे आणि तिची गैरहजेरी लागे. अखेर ती जिन्याच्या सातव्या पायरीवर पाटी-दप्तर घेऊन बसू लागली, कारण वर्ग तेथेच नीट दिसे. “आजोबा, तुम्ही टेलिफोनमध्ये होता ना?” असे तिने एकदा विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

हे का घडले, ते आधी पाहू. वायफाय म्हणजे रेडिओलहरीच. घरात मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी वापरल्या जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर. पहिली भिंतीतून तुलनेने बरी पार होते, परंतु तिच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन असतात आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्यांवरच बोलत असतात. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. लहर भिंत ओलांडते हे खरे, परंतु भिंत जकात घेतल्यावाचून तिला सोडीत नाही. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घटले की शक्ती निम्मी उरते, १० घटले की दहावा हिस्सा. लाकडी दार थोडीच जकात घेते. जांभा मात्र जाड आणि सच्छिद्र. आपल्याकडील पावसाळ्यात तो ओल धरून राहतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. स्लॅबमधील सळयांची जाळी, लोखंडी कपाट आणि आरसा लहरींना परतवून लावतात. माझ्या कोपऱ्यातील राउटरची निम्मी शक्ती तर अंगणात आणि रस्त्यावर जात होती.

दुसरी अडचण अशी, की एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते, जसे वर्गात. मुलाची बैठक, सुनेचे काम आणि नातीची शाळा एकाच हवेतून चालली की प्रत्येकाला थांबावे लागते. मी लहर पुढे ढकलणारे एक स्वस्त यंत्र आणून पाहिले. परंतु अशा साध्या यंत्रात एकच रेडिओ असतो. ते प्रत्येक निरोप आधी ऐकते आणि मग पुन्हा उच्चारते, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

तारेचे तसे नाही. ‘कॅट सिक्स’ नावाच्या केबलीत तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. बाहेरचा उपद्रव पिळातील दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला दोहोंतील फरक घेतला की तो वजा होतो. १०० मीटरपर्यंत ही केबल सेकंदाला १ गिगाबिट माहिती निर्वेधपणे नेते आणि आपले घर काही १०० मीटर लांब नसते. म्हणून नियम सोपा आहे: जे जागचे हलत नाही त्याला तार, जे हातात घेऊन फिरावयाचे त्याला वायफाय.

२०२३ साली पुतण्याने घर बांधावयास काढले, तेव्हा त्याचा नकाशा पुढ्यात घेऊन आम्ही पेन्सिलीने आखणी केली. रस्त्यावरून येणारी फायबर घरात कोठे शिरते, ते प्रथम ठरविले. तेथून घराच्या मध्यभागी, जिन्यालगतच्या हवेशीर कोनाड्यापर्यंत एक पाइप नेला. त्या कोनाड्यात विजेचा पॉइंट दिला आणि तो इन्व्हर्टरवर घेतला, म्हणजे वीज गेली तरी जाळे चालू राहावे. कोनाड्यातून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र केबल जाते. विजेच्या पॉइंटप्रमाणे एकातून दुसरा काढता येत नाही. अभ्यासाच्या प्रत्येक टेबलाशी दोन पॉइंट, दूरचित्रवाणीमागे एक, फाटकाच्या कॅमेऱ्यासाठी एक आणि प्रत्येक मजल्यावर वाटेच्या छतात वायफायच्या यंत्रासाठी एक, अशी मांडणी झाली. छतातील यंत्राला वीज त्याच केबलीतून देता येते, निराळा प्लग लागत नाही. वायफाय चांगले हवे असेल, तर त्यालाही तारच लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पाइप २५ मिलिमीटरचे घेतले, वळणे सैल ठेविली आणि प्रत्येकात ओढदोरी सोडून ठेविली. २३० व्होल्टच्या तारा या पाइपांत कदापि घालू नयेत. त्यात धोकाही आहे आणि उपद्रवही. दोन पाइप मुद्दाम रिकामे ठेविले, कारण १५ वर्षांनी काय लागेल ते आज सांगता येत नाही. केबल शुद्ध तांब्याची पाहून घेतली. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नये. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिला आणि गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, छायाचित्र काढले. पुढे खिळा कोठे ठोकू नये, हे त्यावरून कळते. रंग देण्यापूर्वी एकेक केबल तपासली. शेवटी दारे बंद करून, फोन हातात घेऊन खोलीखोलीत फिरलो. संकेत उणे ६७ डेसिबल-मिलिवॅट किंवा त्याहून बरा असेल, तर बोलणे आणि चित्र सहसा तुटत नाही.

माझ्या घरी २०२१ साली भिंतीला बाहेरून पांढरा पाइप लावून, खिडकीच्या चौकटीशी भोक पाडून केबल वर नेली. काम झाले. गवंडी, वायरमन आणि रंगारी असे तिघे मिळून जो खर्च झाला, त्यात २०१६ साली साऱ्या घराचे पाइप आत बसले असते. नातीचे सातव्या पायरीवरचे वर्ष मात्र कोणत्याही खर्चाने परत येत नाही.

आपल्यापैकी कोणी घर बांधीत असाल, तर स्लॅब पडण्यापूर्वी नकाशा घेऊन या. आपण बसून आकृती काढू. सरांच्या तासाला ती काढावीच लागत असे.